तीन नंबरच्या मशीनवरचा डाग

फोन आला तेव्हा उस्ता हिल्मी नळाखाली मासळी साफ करत होता. दोन्ही हात खवल्यांनी बरबटलेले, म्हणून त्याने कोपरानेच फोनचा स्पीकर लावला. पलीकडून एका बाईने विचारलं, "उस्ता हिल्मी का? तीन नंबरच्या मशीनवर डाग पडलाय. खालच्या डाव्या कोपऱ्यात. हिरवा."

नाव सांगितलं नाही, पत्ता सांगितला नाही. तेहेतीस वर्षांनी फोन करणाऱ्या माणसाने निदान तब्येतीची तरी चौकशी करावी, अशी जगाची रीत आहे. पण हिल्मीला त्यातलं काही लागलं नाही. "येतो," एवढं म्हणून त्याने फोन बंद केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण मासळीचं डोकं हातात धरून उभे आहोत आणि नळ आपला वाहतोच आहे.

उल्फत होती ती. हाजी दसूकींची मुलगी उल्फत.

हाजींचा समुद्राला लागून 'नौरस' नावाचा खेळांचा हॉल होता. पोर्ट सईद मुक्त बंदर झालं तेव्हा जहाजांतून काय वाटेल ते उतरायचं. हाजींनी दहा व्हिडिओ गेमची मशीनं उतरवून घेतली. माणसाएवढी उंच लाकडी कपाटं, पोटात पिक्चर ट्यूब, समोर दांडी आणि बटणं. उन्हाळ्यात कैरोहून कुटुंबंच्या कुटुंबं समुद्रावर यायची आणि अंगाला वाळू लागलेली पोरं तशीच ओल्या चड्डीने येऊन मशीनला चिकटायची. वाळू, खारी हवा आणि हरलेल्या पोरांच्या लाथा, यांमुळे दर पंधरवड्याला कुठलं तरी मशीन आजारी पडायचं आणि हिल्मीला बोलावणं यायचं. तेव्हा तो पंचविशीचा होता आणि डोक्यावर केस होते.

या कामात एक अडचण आहे. रंग जुळवायचे स्क्रू असतात मशीनच्या पाठीत, आणि चित्र दिसतं पुढून. मागे उभ्या असलेल्या उस्ताला, म्हणजे कारागिराला, आपण काय करतोय तेच दिसत नाही. म्हणून प्रत्येक उस्ता जवळ आरसा बाळगतो, तो मशीनसमोर खुर्चीला टेकवतो आणि बाजूने मान काढून त्यात बघतो. हिल्मीकडेही आरसा होता, चांगला हातभर लांब. गावातल्या बाकी सगळ्या हॉलमध्ये तो घेऊन जायचा. 'नौरस'ला जाताना मात्र नेमका घरी विसरायचा. मग हाजी गल्ल्यावरून हाक मारायचे, "उल्फत, जरा समोर उभी राहा आणि त्याला रंग सांग."

ती सांगायची. "लाल कमी. अजून थोडा. आता फारच झाला, मागे घ्या. निळा येऊ दे. बस." तीन उन्हाळे आणि दोन हिवाळे त्या दोघांचं काय ते बोलणं एवढंच. मध्ये लाकडी कपाट आणि दाराशी जपमाळ ओढत बसलेले हाजी. पण हिल्मीला तिचा प्रत्येक 'बस' पाठ होता. रागातला वेगळा, झोपेतला वेगळा, आणि एक असा होता की तो ऐकला की त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

आणि मग डाग. ट्यूबच्या काचेमागे बारीक भोकांची पोलादी जाळी असते. तिला कुठल्या चुंबकाची बाधा झाली की रंग आपापली जागा सोडतात, आकाश जांभळं दिसतं, माणसं हिरवी पडतात. उपाय सोपा आहे. तांब्याच्या तारेचं थाळीएवढं कडं असतं, विजेवर चालणारं. बटण दाबून ते काचेजवळ न्यायचं, गोल गोल फिरवायचं, आणि फिरवत फिरवतच हळूहळू मागे सरकायचं. चांगली सहा-सात पावलं. मग कडं आडवं करायचं आणि तेव्हा कुठे बटण सोडायचं. घाई करून काचेजवळच बटण सोडलं तर कडंच नवा डाग पाडून ठेवतं. शिकत असताना प्रत्येक उस्ता ही चूक एकदा करतो. हिल्मी ती तीन वर्षं मुद्दाम करत राहिला. फक्त एका हॉलमध्ये, फक्त तीन नंबरच्या मशीनवर. पहिल्यांदा दिसणारही नाही इतका पुसट डाग ठेवायचा. आठ-दहा दिवसांत कुणाच्या तरी नजरेत यायचा आणि हाजी फोन करायचे.

कडं चालवण्याआधी मनगटावरचं घड्याळ काढून लांब ठेवावं लागतं, नाहीतर तेही बिघडतं. हिल्मी ते उल्फतच्या हातात द्यायचा. परत मिळायचं तेव्हा त्याला पूर्ण किल्ली दिलेली असायची.

शहाऐंशी सालच्या ऑक्टोबरात त्याने ठरवलं की आता मागणी घालायची. आणि मागणी घालायची तर आधी ही लबाडी थांबवायची. ज्या माणसाला तीन वर्षं फसवून त्याच्याकडून खेपांचे पैसे घेतले त्याची मुलगी कोणत्या तोंडाने मागणार? म्हणून त्याने तीन नंबरचा डाग शेवटचा म्हणून अगदी स्वच्छ पुसला. वर स्वतःच्या हाताने एक नवं कडं गुंडाळलं, काळी पट्टी लावली, हिरवी लाकडी मूठ बसवली आणि हाजींना भेट दिलं. कसं चालवायचं ते शिकवलं. हाजी इतके खूश झाले की त्यांनी उठून त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. हिल्मी आनंदात घरी गेला. आता पुढचं बोलावणं येईल ते दुरुस्तीचं नसेल, चहाचं असेल, असं त्याने मनाशी धरलं. मग मिठाई घेऊन जायचं.

बोलावणं आलंच नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बिनबोलावता जायला त्याचा जीव धजेना. त्याने अर्थ लावला की काम होतं तोवर आपण होतो, काम संपलं आणि तिला आपली आठवणही नाही. एप्रिलमध्ये न्हाव्याच्या खुर्चीत बसला असताना कुणीतरी सांगितलं की हाजींच्या मुलीचं मन्सूराच्या एका शाळा तपासनिसाशी लग्न झालं. न्हावी म्हणाला, मान हलवू नका उस्ता.

पुढे त्याचंही लग्न झालं. समीहा भली बाई होती, चार वर्षांपूर्वी गेली, आणि तिच्याशी तो कधी वाईट वागला नाही. पण एक प्रश्न त्याच्या गळ्याशी अडकून राहिला तो राहिलाच. उल्फतच्या मनात तेव्हा काही होतं का? होतं म्हणाली तर आता साठाव्या वर्षी त्याचं लोणचं घालायचं का, हे त्यालाही कळत होतं. तरी त्याला ते हवं होतं. बाकी काही नको, एवढं कळायला हवं होतं.

म्हणून मासळी तशीच फ्रिजमध्ये टाकून त्याने दोनदा दाढी केली, उरलेले केस विंचरले, आणि पिशवीत हत्यारं भरली. आरसाही भरला. तो कशाला भरला ते विचारू नका. तिने समोर उभं राहायला नकार दिला तर आपली शोभा नको, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मग फेरीबोटीत बसून तो कालव्यापलीकडे आला.

हॉलचं शटर हाजींच्या नातवाने, म्हणजे उल्फतच्या भाच्याने उघडलं. हैसम त्याचं नाव. वय चाळीस, कानाला फोन, बोटात किल्ल्या. त्याने हिल्मीला आणि त्याच्या पिशवीला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "उस्ता, तुमची आणि या मशीनची कंपनी एकच दिसते. सुटे भाग मिळतात का अजून?"

"गुडघ्याचे मिळत नाहीत," हिल्मी म्हणाला.

हैसमने हसत हसत सगळं सांगून टाकलं. हॉल विकला होता. दहातली तीन मशीनं अजून जिवंत होती. कैरोतला एक कॅफेवाला ती घ्यायला गुरुवारी येणार होता, पण चित्र स्वच्छ असेल तरच. आत्या सह्या करायला मन्सूराहून आली होती. तिचा नवराही दोन वर्षांपूर्वी गेला. शनिवारच्या विमानाने ती मुलाकडे कॅनडाला निघाली होती, कायमची. "आज मंगळवार," हैसम उगाचच म्हणाला, आणि फोनवर बोलत समुद्राकडे निघून गेला.

उल्फत आत उभी होती. डोक्यावर राखाडी रुमाल, डोळ्यांवर चष्मा, थोडी जाड झालेली. हिल्मीने सलाम केला, तिने उत्तर दिलं. मग त्याने पिशवी उघडली, हत्यारं काढली आणि शेवटी आरसा काढून टेबलावर ठेवला.

"आरसा आणलात?" ती म्हणाली.

त्या दोन शब्दांत काय नव्हतं! हिल्मीला वाटलं, फोडून टाकावा तो. "सवयीने आला," तो पुटपुटला, आणि आरसा त्याने भिंतीकडे तोंड करून उभा केला.

तीन नंबरच्या मशीनसमोर तो वाकला. डाग होता खरा, तिने सांगितला तिथेच. पण हिल्मीने आयुष्यभर डागच पाहिलेले. वयाने पडलेला डाग कडेला विरत जातो, त्याला आकार नसतो. हा गोल होता. तळहाताएवढा, कडा स्पष्ट, आणि ताजा. स्पीकरच्या मागे चुंबक असतं ते काचेला टेकवून धरलं की बरोब्बर असा डाग पडतो. त्याने मान वर केली तर शेजारीच भिंतीवर खिळ्याला ते कडं टांगलेलं. काळी पट्टी, हिरवी मूठ. वायर अजून धड होती.

"आधी सात नंबर बघतो," म्हणाला. डाग शेवटी पुसायचा असतो हे खरं, पण आज तेवढंच कारण नव्हतं.

सात नंबरच्या चित्राला कावीळ झाली होती. निळा रंग पूर्ण गेलेला, त्यामुळे पांढरं ते सगळं पिवळं. हिल्मी मशीनमागे गेला, पाठीची फळी काढली, डावा हात खिशात घातला. चालू मशीनच्या पोटात एकच हात घालायचा हा नियम आहे. दुसराही आत गेला आणि झटका बसला तर तो छातीतून जातो. ट्यूबच्या मानेवर एक छोटी पट्टी बसवलेली असते, तिच्यावर त्याने लाकडी काडीने हळूच टिचकी मारली.

"आला," पुढून आवाज आला. "गेला."

पुन्हा टिचकी.

"आला. गेला. उस्ता, कुठेतरी सुटलाय तो."

"सोल्डर फुटलंय." त्याने मशीन बंद केलं, पट्टी काढली, भिंग लावून तडा गेलेला सांधा शोधला, सोल्डर दिलं, पट्टी पुन्हा बसवली. मशीन चालू केलं. तिचा आवाज येईपर्यंत तो श्वास रोखून उभा होता.

"आला, आणि राहिला," ती म्हणाली. "पण फार आहे. कमी करा. अजून. बस."

हिल्मीचा हात तिथेच थांबला. हा तो 'बस' होता, जेवण न जाणारा. तेहेतीस वर्षांनी त्यावर धूळ बसली होती, पण तोच होता. आणि लाकडी कपाटाच्या पाठीमागे उभं राहून, समोर तिचा चेहरा नसल्यामुळेच, त्याला बोलायचा धीर आला.

"सित्त उल्फत, भिंतीवरचं कडं चालतंय का?"

"चालतं. काल मी लावून पाहिलं."

"मग तीन नंबरचा डाग तुम्हालाच पुसता आला असता."

"आला असता." मग ती म्हणाली, "लाल जरा वाढवा."

त्याने लाल वाढवला. म्हणाला, "मला एक कबूल करायचंय. जुनं आहे. त्या तीन नंबरच्या मशीनवर मी दर वेळी थोडा डाग ठेवायचो. मुद्दाम. परत बोलावणं यावं म्हणून."

पलीकडून हसू आलं. आधी दाबलेलं, मग चांगलं मोकळं. "मला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं?"

"दुसऱ्याच खेपेला कळलं. बाकीच्या नऊ मशीनना तुम्ही कडं फिरवत फिरवत पार दारापर्यंत मागे जायचात. एकदा बाबांच्या खुर्चीला अडखळून पडलात. आणि तीन नंबरला? दोन पावलांत बटण सोडून मोकळे. रंग सांगायला मलाच उभं केलं होतंत ना? मी काय आंधळी होते?"

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलायचं होतं? आणि कशाला?"

हिल्मीच्या गळ्यातला प्रश्न तिथेच अर्धा सुटला होता. पण तिचं बोलून झालं नव्हतं. ती सावकाश, शब्द मोजून सांगायला लागली, मध्येच त्याला हिरवा कमी करायला लावून.

एका ऑक्टोबरात तुम्ही आलात, ती म्हणाली, आणि तीन नंबरलाही कडं फिरवत दारापर्यंत मागे गेलात. डाग स्वच्छ पुसला. मी बघत होते. तुम्ही दाराशी पोचलात आणि बटण सोडलंत तेव्हा मला वाटलं, कंटाळला. संपलं. रात्री जेवले नाही, आईला सांगितलं पोट दुखतंय. आठ दिवस वाट पाहिली. मग बाबांचा एक मोडका रेडिओ होता, त्याच्या स्पीकरचं चुंबक काढलं, आणि हॉल बंद करताना तीन नंबरच्या काचेला लावून गेले.

"तुम्ही?"

"मी. हातभर मोठा डाग पडला, लपण्यासारखा नव्हताच. सकाळी बाबांनी पाहिला. मला वाटलं, आता फोन उचलतील. तर त्यांनी कडं उचललं."

हिल्मीने मशीनच्या पोटातला हात बाहेर काढला. चालू मशीनमध्ये हात ठेवण्याच्या अवस्थेत तो राहिला नव्हता.

"काय ऐटीत पुसायचे," उल्फत सांगत होती. "तुम्ही शिकवलं होतंत तसं. गोल गोल, मागे मागे, दारापर्यंत. मग म्हणायचे, काय गुणी पोरगा आहे, काय कला आहे त्याच्या हातात, आता कुणाच्या पाया पडायला नको. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचे. ते पुन्हा पुसायचे. त्यांना वाटायचं समुद्राच्या हवेने होतंय."

"किती दिवस?"

"मार्चपर्यंत. मार्चमध्ये मन्सूराची माणसं आली."

"निरोप तरी पाठवायचा."

"कसा? फोन बाबांच्या गल्ल्यावर होता."

हिल्मी मशीनच्या पाठीला कपाळ टेकवून उभा राहिला. लाकूड कोमट होतं. त्याला रडू येत होतं आणि ते त्याने अडवलं नाही. साठाव्या वर्षी कोण विचारतो? पाच महिने, रोज, ती त्याला हाका मारत होती, आणि त्या हाका पुसायचं हत्यार त्याने स्वतः गुंडाळून, पट्टी लावून, हिरवी मूठ बसवून दिलं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे खूप असतात. इतक्या सुबक कारागिरीचा धोंडा कुणी केला नसेल.

"मी मिठाई घेऊन येणार होतो," तो म्हणाला. आवाज फुटला तो फुटला. "तुमचा हात मागायला. म्हणून आधी डाग पुसला, हाजींना कडं दिलं. म्हटलं, आपली लबाडी आहे, मागणीआधी हात स्वच्छ करावेत."

मशीनवर खेळ आपोआप चालू होता, त्याचं टिंग टिंग तेवढं ऐकू येत होतं.

"हात स्वच्छ करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" उल्फत म्हणाली. ती पण रडत होती, हे आवाजावरून कळत होतं.

मग हिल्मीने फळी बसवली, चारही स्क्रू आवळले, बाहीने तोंड पुसलं आणि पुढे आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि पाहवेना म्हणून दोघांनीही तीन नंबरकडे पाहिलं. डाग तिथेच होता. गुरुवारी कॅफेवाला येणार होता, शनिवारी विमान होतं, आणि त्यातलं काहीही त्या दोघांच्या हातात नव्हतं. तिच्या मुलाने तिकडे खोली रंगवून ठेवली होती. नातवंडं वाट बघत होती. हे तिने सांगितलं आणि त्याने ऐकून घेतलं. जाऊ नका म्हणायचा त्याला हक्क नव्हता, आणि तो म्हणालाही नाही.

त्याने पिशवीतून आपलं कडं काढलं. मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा सोडायला लागला तर तिने न सांगताच हात पुढे केला होता. घड्याळ तेच होतं, काच दोनदा बदललेली. ते तिने मुठीत घेतलं आणि खुर्चीवर बसली.

हिल्मीने बटण दाबलं. कडं गुणगुणायला लागलं, काचेवर सगळे रंग एकदम उसळून फिरायला लागले. त्याने गोल फिरवत डागावर नेलं, मग एक पाऊल मागे आला. दुसरं पाऊल.

"इथेच सोडायचात," उल्फत म्हणाली.

"इथेच," तो म्हणाला, पण बटण सोडलं नाही. फिरवत फिरवत तिसरं पाऊल, चौथं. "घाई नको, उस्ता," ती म्हणाली. तो आणखी हळू झाला. हाजींची खुर्ची असायची तिथून वळसा घालून, वायर ताणली जाईपर्यंत, पार दारापर्यंत गेला. समुद्राचा वारा पाठीला लागला तेव्हा त्याने कडं आडवं केलं आणि बटण सोडलं. काचेवर आकाश निळं होतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात हैसम आला, वाकून कोपरा बघितला, "वा, उस्ता, अजून हात चालतो तुमचा," म्हणाला आणि शटरच्या किल्ल्या वाजवायला लागला. नऊ नंबरच्या रंगांना दुहेरी कडा आल्यात, पण कॅफेवाला तसंच घेईल म्हणाला, असंही त्याने सांगितलं. हिल्मीने हत्यारं भरली. आरसा भरला. उल्फतने घड्याळ परत दिलं. मग तो भिंतीशी गेला आणि खिळ्यावरचं हिरव्या मुठीचं कडं काढून पिशवीत ठेवलं.

"ते बाबांना दिलेलं होतंत," उल्फत म्हणाली.

"परत घेतोय."

"आणि उद्या डाग पडला तर? गुरुवारी माणूस येणार आहे. पुसायचा कशाने?"

हिल्मीने पिशवीची चेन लावली. "मग मला बोलवावं लागेल, उल्फत," तो म्हणाला. नावामागचं आदराचं 'सित्त' म्हणायचं राहिलं, आणि तिने त्याला टोकलं नाही.

बुधवारी सकाळी पावणेनऊला फोन वाजला. हैसम होता, भलताच वैतागलेला. "उस्ता, हे काय काम केलंत? त्याच कोपऱ्यात तोच डाग पुन्हा आलाय, कालच्यापेक्षा मोठा! आत्या म्हणते समुद्राच्या हवेने होतं, आणि तुम्हीच पाहिजे. उद्या तो माणूस यायचाय, जरा लवकर निघाल का?"

"निघालोच," हिल्मी म्हणाला. ते खोटं नव्हतं. तो आठपासून बूट घालून बसला होता. मनगटावरच्या घड्याळाला किल्ली द्यायची गरज पडली नव्हती. त्याने हत्यारांची पिशवी खांद्याला लावली, पुन्हा उघडली, आरसा काढून पलंगावर ठेवला आणि फेरी गाठायला निघाला.